वाचन मंडळाची हजेरी

उत्तरायण ज्येष्ठ निवास,
औंढा रस्ता, जि. हिंगोली
१२ जून २०२५

प्रिय रत्नपाल,

तीन महिने पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. मार्चमध्ये तू काकांना इथं सोडून गेलास तेव्हा दर पंधरवड्याला लिहीन असं मीच म्हणाले होते. दोनदा लिहायला घेतलं. एकदा ते ट्रस्टला पाठवायच्या अहवालासारखं झालं, म्हणून फाडलं. दुसऱ्यांदा मी फक्त बरं बरं तेवढंच लिहीत होते, म्हणून तेही फाडलं. फोनवर आपण औषधांची नावं बोलतो आणि बाकीचा वेळ "ऐकू येतंय का" विचारण्यात जातो. परभणीला कॉलेजात असताना सुट्टीत पत्रं लिहायचो, तेच बरं.

तुझे बाबा, आमचे काका, रुळले आहेत. सतरा नंबरची खोली, शेजारी सोळात भागवत गुरुजी. हे हट्टा गावचे, बायको गेल्यावर मुलाकडे पुण्याला राहून तिसऱ्या महिन्यात परत आलेले. दोघांनी शाळांच्या एकाच केंद्रात नोकरी केली होती म्हणे, आणि तेव्हा दोघांचं पटत नव्हतं. आता सकाळचा चहा एकमेकांशिवाय होत नाही.

इथं एकतीस जण आहेत, त्यातले बावीस जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. मी व्यवस्थापक म्हणून आल्यावर यांचा वेळ जावा म्हणून मंडळं काढायला सुचवलं. मला वाटलं, चार लोक बसतील, गप्पा मारतील. यांनी पहिल्या दिवशी नियमावली केली. भजनी मंडळ, बाग मंडळ, पत्ते मंडळ आणि वाचन मंडळ. पत्ते मंडळाचे अध्यक्ष गुलाबचंद शेठ, कापडाचे व्यापारी, कारण ते एकटेच समोरच्याला शिकवायला जात नाहीत. भजनी मंडळात ज्ञानोबा गुरुजी टाळ चुकला की अजूनही कान धरायला हात पुढे करतात. भजनी मंडळ सर्वांत मोठं आहे, पण काका तिकडे जात नाहीत. "माझं तिकडं काय काम, मी आपला पुस्तकवाला," असं म्हणाले आणि वाचन मंडळात बसले.

वाचन मंडळ रोज पाचला. चौदा सभासद. आधी हजेरी होते, मग एक जण मोठ्यानं वाचतो. हजेरी म्हणजे खरी हजेरी: लांब रेघांचा पट, नाव पुकारायचं, समोरच्यानं "हजर" म्हणायचं, पटात ह किंवा गै. तीन दिवस लागोपाठ गै पडला की नाव कमी. हा नियम त्यांनी हसत हसत केला आणि अतिशय गंभीरपणे पाळतात.

मीही त्या पटाचा उपयोग करून घेते, हे तुला सांगून ठेवते. माझ्याकडे माणसं कमी आहेत. स्वयंपाकाच्या दोघी, गेटवर पेमा, आणि मी. पूर्वी संध्याकाळी मी प्रत्येक खोलीत डोकावायची. आता मंडळांचे पट साडेपाचला माझ्या टेबलावर येतात, आणि गै असेल त्याच खोलीत मी जाते. हे बरोबर की चूक याचा मी डायरीत दोनदा विचार केला आहे. अजून तरी काही बिघडलेलं नाही.

सपनाला नमस्कार सांग.

मंजुषा

*

शासकीय आश्रमशाळा,
भामरागड तालुका
२९ जून २०२५

प्रिय मंजुषा,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. शाळा उघडली आहे आणि पाऊस लागला आहे, पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जायच्या आत टपाल निघावं म्हणून घाईनं लिहितो.

बाबा मंडळात बसतात हे वाचून मला किती सुटल्यासारखं वाटलं ते तुला सांगता येणार नाही. माझी अडचण तुला माहीत आहे. इथल्या क्वार्टरमध्ये दवाखाना चाळीस किलोमीटरवर. नागपूरला सपनाच्या दोन खोल्या, ती नऊला बँकेत जाते, दाराला कुलूप लागतं ते सातला निघतं. आम्हा नवराबायकोला तिसरी जागा नाही. उत्तरायण आहे म्हणून मी इथं नोकरी करू शकतो.

एक विनंती आहे. ते नाव कमी करायचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नकोस. बाबा डोंगरकड्याला मुख्याध्यापक होते तेव्हा दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जायचा. वरून पत्र यायचं, सतत गैरहजर विद्यार्थ्यांची नावं कमी करा. बाबांनी एकही नाव कमी केलं नाही. रविवारी सायकल काढून कारखान्याच्या तळावर जायचे आणि दोन-दोन, तीन-तीन पोरं परत आणायचे. मी पुढच्या दांडीवर बसलेलो असायचो. त्यांच्या दृष्टीनं नाव कमी होणं म्हणजे शाळेनं पोराला मेलं असं समजणं. त्यांचं स्वतःचं नाव कुणी लाल शाईनं खोडलं तर ते सहन करतील असं मला वाटत नाही.

तेव्हा एखाद्या दिवशी ते गेले नाहीत, झोपले, कंटाळले, तरी त्यांचं नाव कमी होऊ देऊ नकोस. एवढं सांभाळ.

तुझा,
रत्नपाल

*

उत्तरायण
२० जुलै २०२५

प्रिय रत्नपाल,

तू सांगितलेलं मी केलं. भागवत गुरुजींना बोलावून तुझ्या पत्रातला तेवढा भाग वाचून दाखवला. ऊसतोडीची गोष्ट त्यांना माहीत होती. म्हणाले, "तवा आमी याला येडा म्हणायचो. आमी धडाधडा नावं कमी करून मोकळे." उठताना म्हणाले, "साहेबाला कळवा, भागवत हाय तवर नरसिंगचं नाव कमी व्हत न्हाई." मी हसले आणि "तुमच्यावर सोपवलं" असं म्हणाले.

आता दुसरं लिहिते, आणि ते लिहायला मला जड जातंय.

मागच्या मंगळवारी वाचनाची पाळी काकांची होती. मी सहज दारात उभी होते. त्यांनी एक पान वाचलं, उलटलं, परत मागे उलटलं आणि तेच पान पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्याच आवाजात, त्याच जागी थांबत. मी बाकीच्यांकडे पाहिलं. तेरा जणांत एकानंही मान हलवली नाही. पान संपल्यावर चतुराबाई म्हणाल्या, "लई गोड वाचता गुरुजी. ऐकतच बसावं वाटतं." या चतुराबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांचे यजमान शिक्षक होते, ते वारले, आणि आता त्या रोज पुढच्या रांगेत बसून ऐकतात. काकांनी पुस्तक मिटलं आणि खूश होऊन खोलीत गेले.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. दुपारी झोपून उठले की त्यांना आपण कुठं आहोत ते पटकन उमगत नाही. एकदा मला "बाई, घंटा झाली का" विचारलं. चार वाजता फिरायला जातात, पाचच्या आत येतात, रस्ता चुकलेले नाहीत.

तुला ट्रस्टचा नियम माहीत आहे, प्रवेशाच्या फॉर्मवर तू सही केली आहेस. ज्याची स्मृती जाऊ लागली त्याला घरच्यांनी महिन्याच्या आत न्यायचं. आमच्याकडे तशी माणसं सांभाळायची सोय नाही. मी हे अजून वर कळवलेलं नाही. कळवलं तर काकांना कुठं नेशील, हा प्रश्न तुझ्याआधी माझ्यासमोर उभा राहतो. नाही कळवलं तर मी खोटी ठरते.

म्हणून सरळ विचारते. असं पूर्वी कधी झालं होतं का? रस्ता चुकणं, माणूस न ओळखणं, काहीही? लपवू नकोस. झालं असेल तर मी निदान त्यांच्या बाहेर जाण्याचा बंदोबस्त करीन, पेमाला सांगेन, रोज स्वतः जाऊन बघेन. ते वर न कळवताही करता येईल.

मंजुषा

*

भामरागड तालुका
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय मंजुषा,

उशीर झाला. पूल नऊ दिवस बंद होता. काल झेंडावंदन झालं. मुलांना बुंदी वाटली. आमच्याकडे या वर्षी एकशे बारा मुली आहेत, त्यातल्या सहा जणींना मलेरिया झाला होता, सगळ्या बऱ्या आहेत.

तू विचारलंस त्याबद्दल. नाही, पूर्वी असं काही झालं नव्हतं. वय आहे, नवी जागा आहे. एखादं पान दोनदा वाचणं मलाही होतं. तू फार मनाला लावून घेतेस, कॉलेजातही तुझी तीच सवय होती. त्यांना माणसांत ठेव, मंडळ चुकू देऊ नकोस, म्हणजे ठीक राहतील.

दिवाळीत येतो. तेव्हा निवांत बोलू.

रत्नपाल

*

उत्तरायण
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्नपाल,

काका गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू माझ्याशी बोललास, सपनानं माझा हात धरला, तुमच्यापैकी कुणीही मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. तुझ्या समोर शब्द फुटेनात असं मी स्वतःला सांगितलं. पण स्वयंपाकवालीशी त्याच दिवशी मी भाजीबद्दल बोलले होते, तेव्हा शब्द फुटत होते. म्हणून लिहिते.

तुला एवढंच माहीत आहे की मंगळवारी, नऊ सप्टेंबरला, काका फिरायला गेले, वाट चुकले, पावसात सापडले आणि बुधवारी सकाळी मिळाले. ते खरं आहे. ते कसं झालं ते आता सांगते.

चार वाजता ते गेटमधून निघाले. पेमानं नमस्कार केला, त्यांनी हात वर केला. खांद्याला पिशवी होती. फाट्यावरच्या चहावाल्यानं नंतर सांगितलं की गुरुजी थांबले, पाणी मागितलं, पोरं आणायला चाललो म्हणाले. त्याला वाटलं, नातवंडं असतील. पाऊण तासानं पाऊस सुरू झाला.

पाचला वाचन मंडळ बसलं. साडेपाचला पट माझ्या टेबलावर आला. नरसिंग गुरुजींच्या नावापुढे ह होता. एक गै होता, बावीस नंबरच्या बाईंचा, त्यांना ताप होता. मी त्यांच्याकडे गेले.

सहा वाजता पेमा ऑफिसच्या दारात आला. पाण्यानं निथळत होता. म्हणाला, "मॅडम, सतरावाले गुरुजी माघारी आले का? मला तर दिसले न्हाईत." मी पट उघडून त्याला दाखवला. मागच्या फाटकानं आले असतील, वाचनाला हजर आहेत, असं सांगितलं. पेमाला वाचता येत नाही. तो बोटाखालच्या त्या अक्षराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कागदात हाय तर बराबर असंल."

पाऊस असला की जेवणाचे डबे खोल्यांच्या कडीला अडकवतात. सकाळी आठला स्वयंपाकवाली रिकामे डबे गोळा करायला गेली तेव्हा सतराचा डबा भरलेला होता.

दहा वाजता मूग तोडायला निघालेल्या बायकांना ते ओढ्याच्या अलीकडे बांधाला टेकून बसलेले दिसले. इथून चार किलोमीटर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जाऊन फार वेळ झालेला नाही, पहाटे गेले असावेत. पायाला मुरगळ होती, बाकी काही नव्हतं. गारठ्यानं गेले. म्हणजे मंगळवारी साडेपाचला माणसं निघाली असती, सातला निघाली असती, तर ते जिवंत सापडले असते. हे तुला डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी त्यांना तुला सांगू नका असं म्हणाले होते. ते मी आज परत घेते.

आता तो ह. काका जुलैपासून बरेचदा मंडळाला जात नव्हते. दुपारी झोपायचे आणि उठवलं की घाबरायचे, म्हणून भागवत गुरुजी त्यांना उठवत नसत. नाव पुकारलं की स्वतःच खाली मान घालून "हजर" म्हणायचे. पहिल्यांदा सगळे हसले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्या पोरांना छड्या मारल्या, त्या शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचं नाव पुकारू दिलं. चतुराबाईंनी मला हे सांगितलं. मी विचारलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, "व्हय की. गुरुजीला इथून हाकलू नये म्हणून आमी समदे एक झालो व्हतो. त्या दिशी बी वाटलं, झोपलेत. झोपू द्या."

पट मी चतुराबाईंना विचारत तपासला. अशी खोटी हजेरी अकरा संध्याकाळची आहे.

भागवत गुरुजींना हा विचार सुचला तो माझ्या तोंडून. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं आणि तुमच्यावर सोपवलं म्हणाले होते. नाव कमी होऊ देऊ नका म्हणजे त्यांना रोज सोबत घेऊन जा, असं मला म्हणायचं होतं. तसं मी म्हटलं नाही.

ते ऑफिसात आले होते. उभेच राहिले. माझं नाव पटातून कमी करा, एवढं म्हणाले आणि गेले.

तुला काय वाटेल ते लिही. नाही लिहिलंस तरी मला कळेल.

मंजुषा

*

भामरागड तालुका
१४ ऑक्टोबर २०२५

मंजुषा,

बाबा दर वर्षी आजच्या तारखेला, धम्मदीक्षेच्या दिवशी, पांढरा सदरा घालायचे आणि मला घालायला लावायचे. आज मी घातला आणि लिहायला बसलो.

आधी माझं. फेब्रुवारीत, तुझ्याकडे आणायच्या एक महिना अगोदर, बाबा नागपूरला सीताबर्डीत हरवले होते. सहा तास. सपना बँक सोडून फिरत होती. ते एका शाळेच्या फाटकाशी सापडले, वॉचमनशी भांडत होते की मला आत का सोडत नाही. डॉक्टरनं तपासून कागद दिला. त्यावर आजाराचं नाव स्पष्ट आहे. तुमच्या फॉर्ममध्ये रकाना होता, स्मृतीविषयक तक्रार आहे का. मी "नाही" असं लिहिलं. पेन थांबलं पण नव्हतं. जुलैत तू सरळ विचारलंस तेव्हा परत "नाही" असंच लिहिलं. तू लिहिलं होतंस की वर न कळवता बंदोबस्त करीन. मी तुझ्यावर तेवढाही विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, एकदा कागदावर आलं की तू नियमाचं काम करशील, कारण तू तशीच आहेस.

तो डॉक्टरचा कागद इथं माझ्या ट्रंकेत आहे. ट्रस्टनं विचारलं तर त्याची प्रत पाठवतो. तुझ्यावर येणार असेल तर नक्की पाठवतो.

आता तुझं. रागावून लिहितो, कारण गोड लिहिलं तर तू फाडशील. तुला शंका होती. तू ते पान दोनदा वाचताना पाहिलं होतंस. मी नाही म्हटल्यावर तुझी शंका गेली? सोळा आणि सतरा तुझ्या ऑफिसापासून किती पावलं आहेत, मंजुषा? मी येऊन पाहिलं. सत्तर असतील. तू एकदा जाऊन दार का वाजवलं नाहीस?

भागवत गुरुजींना सांग की माझा त्यांच्यावर राग नाही.

वरची ओळ खोटी आहे. राग आहे. अंत्ययात्रेत ते माझ्या खांद्याला खांदा लावून चालत होते आणि तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, याचा जास्त आहे. त्यांना काही सांगू नकोस.

खोली रिकामी करायला मी येत नाही. कपडे कुणाला बसतील त्याला दे.

रत्नपाल

*

उत्तरायण
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्नपाल,

तुझं पत्र वीसला आलं, दिवाळीच्या दिवशी. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दहा दिवस लागले. उत्तर मला पहिल्या दिवशीच माहीत होतं.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसं वाटावं अशी मी त्याची रचना केली होती. एक गोष्ट राहिली आहे.

माझ्या ऑफिसची खिडकी हॉलच्या व्हरांड्यात उघडते. पाचची हजेरी मला रोज ऐकू येते. नऊ सप्टेंबरची माझ्या डायरीतली नोंद इथं उतरवते, एक अक्षर न बदलता: "पाऊस. बावीसला ताप, क्रोसिन दिली. वाचनात भागवत गुरुजींचा आवाज आज दोनदा. एकदा स्वतःसाठी, एकदा शेजाऱ्यासाठी. हसू आलं. म्हातारपणी पोरं झालीत." खाली पेमाबद्दल लिहिलं आहे की भिजला आहे, त्याला कोरडा टॉवेल द्यायला हवा.

हे मी त्याच संध्याकाळी लिहिलं. म्हणजे पेमाला पटातलं अक्षर दाखवताना, ते अक्षर कुणाच्या तोंडचं आहे हे मला ठाऊक होतं. मी खोटं बोलत होते असं तेव्हा वाटलं नाही. काका खोलीत झोपलेत, हे मी धरूनच चालले होते, मंडळातल्या बाकीच्यांसारखं. पण त्यांच्याजवळ खोल्या बघायचं काम नव्हतं. ते माझं काम होतं. सत्तर पावलं, असं तू लिहिलंस. मी मोजली. चौसष्ट भरली.

शंका गेली का, असं तू विचारतोस. गेली नव्हती. तू "नाही" असं लिहिलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण मग मला काही ठरवायचं उरलं नाही.

मी ट्रस्टला सगळं लेखी दिलं आहे. तुझं ऑगस्टमधलं "नाही" आणि फॉर्ममधलं "नाही", दोन्ही मी त्यात घातलेलं नाही. ते तुझं आहे, तुला द्यायचं असेल तर तू दे. पेमाला कामावरून काढायचा विचार चालला होता. डायरीचं पान जोडल्यावर तो विषय थांबला. माझ्याबद्दल पाच तारखेच्या बैठकीत ठरेल. तोवर मंडळं बंद करायचा हुकूम आला आणि मी हॉलला कुलूप लावलं. आठ दिवस झाले, पत्ते नाहीत, भजन नाही, वाचन नाही. एकतीसातले तीस जण आपापल्या खोलीत बसून आहेत. मी रोज दोनदा सगळी दारं फिरते. चतुराबाई काल म्हणाल्या, "आता कोण हाय न् कोण न्हाई, कसं कळावं बाई?" मी म्हटलं, मी येते ना. त्या म्हणाल्या, "तुमी दारातून जाता. मंडळात मानूस शेजारी बसायचं."

भागवत गुरुजींना तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही. माझं मात्र सांगितलं. काल सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि म्हणाले, गुरुजी, त्या दिवशीचा तुमचा दुसरा हजर मी खिडकीतून ऐकला होता. मला वाटलं होतं त्यांचं ओझं थोडं हलकं होईल. असं वाटणं हेसुद्धा माझ्या सोयीचं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

ते माझ्याकडे वळले.

"मंग तुमी काहून न्हाई उठलात?" म्हणाले. "मला वाटायचं, तुमाला ठाऊक न्हाई. तुमाला ठाऊक न्हाई म्हणून मी सोताला खात बसलो दीड महिना. मी आवाज दिला, कारण कुनीतरी येऊन बघल. मॅडम तर फिरतात खोल्या. मी म्हनलं, नाव वाचलं की बास, मानूस मॅडम बघतात."

जूनपासून मी ह असलेल्या खोल्यांत जात नव्हते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. माझ्या डायरीत होतं, तुला लिहिलेल्या पत्रात होतं, त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्या भरवशावर, आणि मी त्यांच्या.

त्यानंतर ते बोलले नाहीत. आज दुपारी जेवले नाहीत. साडेपाचला मी दार वाजवलं, आतून "हाय, हाय मी" असा आवाज आला, मी बरं म्हणून परत आले आणि हे पत्र लिहायला बसले. वरच्या ओळीपर्यंत आले आणि हात थांबला. पेन तसंच ठेवून उठले.

आता परत येऊन लिहिते. दार नुसतं लोटलेलं होतं. दिवा नव्हता. गुरुजी खुर्चीत बसले होते, अंगात बाहेर जायचा सदरा, पायात बूट, नाडी नीट बांधलेली. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, "कुटं न्हाई. बसलोय." बूट किती वेळापासून घातलेत, ते त्यांनी सांगितलं नाही. मी खाली बसून ते काढले. त्यांनी काढू दिले. मोजे ओले नव्हते, एवढं मी हात लावून बघितलं. चतुराबाईंना बोलावलं, त्या कांदा-भाकरी घेऊन आल्या आणि समोर बसून राहिल्या, जेवा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं गुरुजींनी एक तुकडा मोडला. पेमाची खुर्ची आज गेटवरून उचलून सोळाच्या दारात ठेवली आहे. गेटला कुलूप आहे.

गुरुजींच्या मुलाला पुण्याला फोन केला. तो शनिवारी येतो म्हणाला. शनिवारला मध्ये एक अख्खा दिवस आहे.

तुझ्या रागाला मी काही उत्तर दिलेलं नाही. तो राहू दे. पण जमलं तर भागवत गुरुजींना चार ओळी लिही. रागाच्या लिहिल्यास तरी चालतील. खोट्या लिहू नकोस, ते ओळखतील.

काकांचे कपडे अजून सतरातच आहेत.

उद्या: सकाळी सहाला चहा घेऊन सोळा नंबरमध्ये जायचं, आत जाऊन बसायचं.

मंजुषा